नातीच्या शंभर मॅचा आणि माझ्या मिशा

आमच्या बायकोनं भैरोबापुढं माझ्या मिशा बोलल्या, तेव्हा मी घोडेगावच्या बाजारात एका गाईचे दात बघत होतो. मला कुणी विचारलं नाही. नवस बोलणाऱ्यानं आपलं काहीतरी द्यावं. नारळाचं तोरण द्यावं, कोंबडं द्यावं, फार तर स्वतःचे केस द्यावेत. हिनं नवऱ्याच्या मिशा दिल्या. "माझ्या नातीला मोठ्यांच्या टेनिसात शंभर मॅचा जिंकू दे, आमच्या मालकांच्या मिशा तुझ्या पायरीवर उतरवीन," असं चार बायकांच्या देखत बोलली. संध्याकाळी मी एसटीतून उतरलो तर गुरव स्टँडवरच उभा. म्हणाला, "दलाल, वस्तरा कधी आणायचा?"

घरी येऊन मी तिला म्हणालो, "अगं, तुझा बुचडा द्यायचा हुतास की. माझ्या मिशांनी तुझं काय घोडं मारलंय?"

ती भाकरी थापत होती. वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं चहात बुडत्यात त्या. देवाला तरी उपेग हुईल."

मी चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात दलाली केली. तिथं माणसाला पाटी लावता येत नाही. माझी पाटी म्हणजे मिशा. पारनेरपासून राहात्यापर्यंतचा शेतकरी बाजारात शिरला की विचारायचा, "त्यो मिशावाला कुठं बसतो?" वर पीळ दिलेल्या, खाली कल्ल्यांना जाऊन मिळालेल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाकडं दाखवायला दुसरं काय असतं?

आता नातीचं सांगतो, म्हणजे घोळ होणार नाही. माझा मुलगा गावालगतच्या साखर कारखान्यात फिटर आहे. कारखान्याच्या वसाहतीत साहेब लोकांचा एक क्लब आहे आणि त्या क्लबात टेनिसचं मैदान आहे, मुरूम आणि शेणानं सारवलेलं. पूर्वीचे साहेब खेळायचे. नंतरच्या साहेबांची पोटं सुटली आणि मैदानावर कॉलनीतल्या बायका कुरडया वाळत घालू लागल्या. एक म्हातारे केमिस्ट तेवढे रोज भिंतीवर बॉल मारायचे. त्यांना जोडीदार नव्हता. माझी नात सात वर्षांची, कुरडया राखायला बसलेली. त्यांनी तिच्या हातात रॅकेट दिलं. झालं. पुढं पुण्याला शिकायला गेली, तिथंच मोठी झाली आणि अठरा पुरी होताच मोठ्या बायकांच्या स्पर्धांत उतरली. हौस म्हणून नव्हे. धंदाच तो तिचा, पोटापाण्याचा. ज्या टीव्हीवर दाखवतात त्या स्पर्धा नव्हेत. त्याच्या पार खाली लहान स्पर्धा असतात, पुण्याला, सोलापूरला, कधी परदेशात, जिथं बघायला चार माणसं आणि एक कुत्रं असतं.

मोठ्यांच्यात गेल्यावर ती पहिल्या अकरा मॅचा हरली. ओळीनं. म्हणून बायकोनं नवस बोलला. मी मात्र त्या रात्री निवांत झोपलो. ओळीनं अकरा हरणारी पोरगी शंभर कुठं जिंकते? माझ्या हयातीत मिशांना धोका नाही, असा माझा अंदाज होता. बाजारात माझा अंदाज सहसा चुकत नाही. पोरगी बारावी मॅच जिंकली.

मोजणीचं काम बायकोनं स्वतःकडं घेतलं. तिला लिहिता येत नव्हतं. गव्हाची पत्र्याची कोठी होती आमच्या मधल्या खोलीत, तिच्यावर ती जिंकलेल्या मॅचला एक कुंकवाची टिकली लावायची. पाच झाल्या की खाली दुसरी ओळ. आमची सून फोनमध्ये बघून सांगायची, "आत्याबाई, जिंकली." हिचं बोट कुंकवात तयारच.

एकदा मी विचारलं, "अन् हरलेल्या कुठं लावतीस?"

"हरलेल्या तिच्या ध्यानात असत्यात. आपून कशाला लावायच्या?"

मला हे पटायचं नाही. जनावर विकत घेताना आम्ही आधी खोडी विचारतो, मग दूध. मी सुनेला म्हणालो, मला सगळं वाचून दाखव. तिनं फोन काढला. त्यात नातीचं एक पान आहे. वर फोटो, मग जन्म कुठला, उजव्या हातानं खेळते, आणि खाली जिंकल्या किती, हरल्या किती. मातीवर किती, सिमेंटवर किती, हेसुद्धा वेगवेगळं. मातीवर जिंकलेल्या जास्त. बायको म्हणाली, "मंग. शेणावर वाढलीय ती."

मी म्हणालो, "हे लिहितं कोण?"

सून म्हणाली, "मामा, पंच असतो तिथं खुर्चीवर. तो लगेच दाबतो, लगेच इथं येतं."

"त्यो पंच कुणाचा माणूस?"

"कुणाचाच नाही."

"असा माणूस मी बघितला न्हाई अजून."

माझा संशय उगीच नव्हता. चाळीस वर्षं मी जनावरांचं रेकॉर्ड ऐकत आलो. तिसऱ्या वेताची आहे, दोन वेळचं मिळून वीस लिटर देते, लाथ मारत नाही. जो मालक न विचारता लाथ मारत नाही म्हणायचा, त्याच्या गाईच्या मागच्या बाजूला मी जायचोच नाही. पण हे फोनातलं रेकॉर्ड मला हळूहळू आवडायला लागलं. त्यात मालक बोलत नव्हता. मॅच झाली की सुनेकडून मी सगळं ऐकून घ्यायचो. पहिल्या सर्व्हिस शंभरातल्या किती आत पडल्या. दोन्ही सर्व्हिस बाहेर गेल्या असं किती वेळा झालं. समोरचीच्या हातातली गेम ओढून घ्यायची संधी किती वेळा आली आणि किती वेळा साधली. आमची नात दहा वेळा दारापर्यंत जायची आणि तीन वेळा आत शिरायची. एवढं मला समजायला लागल्यावर मी तिला फोन लावला.

"बाळ, तुझी पहिली सर्व्हिस बरी हाय. दुसरी भाकड हाय."

ती हसायला लागली. "आबा, कोचपण तेच म्हणतात. फक्त इंग्रजीत."

"मंग त्याला कशाला ठेवलाय? मी सांगत जातो की."

असं सहा-सात वर्षं चाललं. कोठीवर टिकल्या वाढत होत्या. चाळीस झाल्या तेव्हा मी चेष्टा केली. साठ झाल्या तेव्हा कमी केली. ऐंशी झाल्यावर गुरव मला बघून नुसता गालावरून बोट फिरवायचा. मी देवळाकडून जाणं सोडलं आणि शाळेमागून जायला लागलो. नात जिंकली की मला आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू, आणि त्याच वेळी हात आपोआप मिशीवर जायचा. बायको ते बघायची आणि पदर तोंडाला लावायची.

मग ती गेली. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. साखर वाढली, दोन दिवस दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले आणि सुनेला विचारलं, "किती झाल्या?" सून म्हणाली, "त्र्याण्णव." मग तिनं माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं नाही, मिशांकडं. संध्याकाळी संपलं.

बावन्न वर्षांचा संसार. त्यावर मी इथं जास्त लिहिणार नाही, मला ते जमत नाही. एवढंच लिहितो की पोळ्याला मी बैलांच्या शिंगांना रंग लावायला बसलो आणि एकाच शिंगाला दोनदा लावला.

नात दहाव्याला आली होती. परत गेली आणि पहिल्याच फेरीत हरत राहिली. कोठीवर त्र्याण्णवच्या पुढं जागा रिकामी. पहिली जिंकली तेव्हा मी स्वतः करंडा घेऊन कोठीपुढं उभा राहिलो, पण बोट बुडवलं नाही. बायको गेलेल्या माणसाच्या हातचं कुंकू चालतं का नाही, हे विचारायलासुद्धा ती नव्हती. शेवटी सुनेनं लावली टिकली.

गेल्या हिवाळ्यात पोरीचा हात चांगला बसला. मातीवरची स्पर्धा होती. एका आठवड्यात तीन जिंकली. एके सकाळी सुनेनं शिरा केला, कोठीवर शेवटची टिकली लावली आणि मोजून म्हणाली, "मामा, शंभर झाल्या."

मी शिरा अर्धा खाल्ला नाही तोवर दारात गुरव. त्याच्या मागं सलूनवाला, काखेत पेटी. सुनेनं आधीच सांगून ठेवलं होतं.

गुरव म्हणाला, "चला दलाल. देव वाट बघतोय."

"देवाला म्हणावं बस. फोनवर किती हायेत ते आधी बघा."

सुनेनं फोन काढला आणि तिचा चेहरा पडला. फोनवर अठ्ठ्याण्णव.

असं झालं होतं, की बायको असतानाच दोन वेळा नातीच्या समोरची पोरगी मैदानात उतरलीच नव्हती. एकीचा पाय मुरगळलेला, एकीचं विमान चुकलेलं. अशा वेळी नात पुढच्या फेरीत जाते, त्याला वॉकओव्हर म्हणतात. पण रेकॉर्डमध्ये ती मॅच जिंकली म्हणून धरत नाहीत. खेळता खेळता समोरचीनं मध्येच सोडून दिलं तर धरतात. उतरलीच नाही तर नाही. आमच्या बायकोनं मात्र दोन्ही वेळा टिकली लावली होती. "पुढं गेली का न्हाई? मंग जिंकली," हा तिचा कायदा.

मी म्हणालो, "नवस शंभराचा हाय. दोन कमी हायेत. सलूनवाले, शिरा खाऊन जावा."

गुरव काही सोडणारा नव्हता. प्रकरण देवळापुढच्या पारावर गेलं. दहा-बारा माणसं जमली. टेनिस त्यातल्या कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळं बोलायला कुणी लाजलं नाही. शेवटी सगळे आमच्या म्हाताऱ्या पैलवानाकडं वळले. नव्वदीला आलेला, कान मोडलेले, तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्यांचे हगामे मारलेला माणूस. हारजितीच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा.

गुरवानं विचारलं, "पैलवान, समोरचा जोड आखाड्यात आलाच न्हाई तर काय हुतं?"

पैलवान म्हणाला, "पैलवानानं हात वर करून एक फेरी मारायची. नारळ मिळतो."

"बघा. नारळ मिळतो."

"नारळ मिळतो," पैलवान म्हणाला, "कुस्ती मिळत न्हाई. मी कुस्त्या मोजताना तसल्या कधी धरल्या न्हाईत."

माझा जीव भांड्यात पडला. पण गुरव काय साधा आहे? तो म्हणाला, "देवाला कुस्ती कुठं लागती? देवाला नारळच लागतो. माझं देऊळ नारळावर चाललंय."

लोक हसले. वारं फिरतंय असं मला दिसलं. मी उठून उभा राहिलो. "माझ्या बायकोनं देवाला काय मागितलं? शंभर मॅचा जिंकू दे. शंभर नारळ मिळू दे, असं मागितलं न्हाई. चार बाया साक्षीला हायेत, बोलवा."

बाया बोलावल्या. त्यातली एक बहिरी, एक माहेरी गेलेली. उरलेल्या दोघींनी सांगितलं, व्हय, जिंकू दे असंच बोलली. पैलवानानं मान हलवली. निकाल माझ्या बाजूनं लागला. मोजणी फोनची धरायची.

मी मिशांना पीळ देत घरी आलो. उंबऱ्यात पाय ठेवला आणि लक्षात आलं, की ही गोष्ट जिला सांगायची ती घरात नाही. सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वाढायची, पण ताट जरा लांबूनच सरकवायची. मी मधल्या खोलीत जाऊन कोठीपुढं बसलो. वीस ओळी, प्रत्येकीत पाच. मी कोठीला म्हणालो, "दोन कमी हायेत. मी खोटं बोलत न्हाई." कोठी काय बोलणार? पण बायको असती तर बोलली असती, आणि मी हरलो असतो.

त्यानंतर महिन्याभरानं नात आणखी एक मॅच जिंकली, तीन सेटांची. फोनवर नव्याण्णव. आणि तिथंच तिचा खांदा गेला.

ती दीड महिना घरी होती. सकाळी क्लबच्या मैदानावर जायची, रॅकेट न घेता. कुरडयांच्या कडेनं चकरा मारायची. एक दिवस मीही गेलो. कट्ट्यावर बसलो.

ती म्हणाली, "आबा, मी थांबते आता. पुण्याची एक स्पर्धा आहे पुढच्या महिन्यात, तेवढी खेळते. मग बास."

"खांदा बरा हुईल की."

"होईल. पण मला आता सत्तावीस लागलं. जगात माझ्यापुढं सातशे जणी आहेत, आणि त्या सातशेतल्या निम्म्या माझ्याहून लहान आहेत. इथं मुलींना शिकवीन म्हणते. केमिस्ट काकांनी शिकवलं तसं." मग माझ्या तोंडाकडं बघून हसली. "खूश व्हा की. मिशा वाचल्या तुमच्या."

मी खूश व्हायला पाहिजे होतो. झालो नाही. पोरगी नव्याण्णववर थांबली तर नवस कायमचा अडकला. बोललेला नवस फिटला नाही तर तो बोलणाऱ्याच्या माथी राहतो, असं आमच्यात मानतात. वर गेल्यावर बायको मला काय बोलेल याची मला भीती नव्हती, ती सवय आहे. पण देव तिला काय बोलेल? शब्द देऊन गेली आणि हिच्या नवऱ्यानं पारावर वाद घालून तो अडवून धरला. मिशा वाचवायला मी अख्खं गाव गोळा केलं होतं. आता त्याच मिशा मला ओठावर ओल्या पोत्यासारख्या जड वाटायला लागल्या.

मी म्हणालो, "एक जिंक."

"आबा?"

"पुण्याला एक जिंक. जास्ती मागत न्हाई. एक. तुझ्या आज्जीचं देवापाशी अडलंय."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. चेष्टा केली नाही. म्हणाली, "बघते."

पुण्याला मी गेलो. मुलानं रजा काढली, मी नवं धोतर काढलं. एवढी वर्षं रेकॉर्ड ऐकलं, पण मोठ्यांच्यातली मॅच डोळ्यानं पहिल्यांदाच बघणार होतो. मैदानाजवळ शिरलो तर सगळीकडं शांत. आम्ही बाजारातली माणसं, आमच्याकडं चारशे जनावरं एकदम ओरडतात तेव्हा बोलणं सुरू होतं. एक माणूस येऊन मला म्हणाला, "बाबा, खेळ चालू असताना बोलायचं नाही." मी म्हणालो, "अजून मी बोललोच न्हाई." तो म्हणाला, "ते माहीत आहे, पण तुम्ही बोलणार असं वाटलं."

नात मैदानात आली. हात-पाय मोकळे करून झाले. समोरची यायची होती, कुठल्याशा लांबच्या देशातली, केस पिवळे. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पंच खुर्चीवरून उतरला, आत गेला, परत आला. नातीला काहीतरी बोलला. ती कडेच्या जाळीपाशी आली आणि मला बघून कसंनुसं हसली.

"आबा, तिला सकाळपासून उलट्या होतायत. ती येत नाही."

"म्हंजे?"

"वॉकओव्हर."

मी जागचा उठलो. मुलानं धोतर धरलं, "दादा, खाली बसा," पण मी बसलो नाही. नियम पारावर मीच पास करून घेतला होता. नारळ मिळाला, कुस्ती नाही. मी पंचाकडं गेलो.

"सायेब, तिला अर्धा तास पडू द्या. पोट धरलं तर उपाय हाय. ओवा अन् काळं मीठ गरम पाण्यात. मी आणतो. अर्ध्या तासात उभी ऱ्हाईल."

पंच मराठीच होता. म्हणाला, "बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"हिचा आज्जा."

"मग समोरचीला बरं करायला कशाला निघालात? तुमची नात पुढं गेली."

"पुढं जाऊन उपेग न्हाई. जिंकली पायजे."

त्यानं मुलाकडं बघितलं. मुलानं हात जोडले. मी तोवर बाहेर चहाच्या गाडीवर गेलो. गाडीवाल्यानं ओवा नाही म्हटल्यावर लिंबू आणि मीठ घालून गरम पाणी केलं आणि मी ते ग्लासात घेऊन मागच्या दारानं खोल्यांकडं शिरलो. ती पोरगी बाकावर आडवी होती, कुशीत पिशवी धरून. तिच्याजवळ तिचा कोच, ताडमाड माणूस. मी ग्लास पुढं केला. त्यानं हात आडवा लावला. त्याला मराठी येईना आणि मला दुसरं काही येईना. मी वाकून पोरीकडं बघितलं. चाळीस वर्षं जनावरं बघितली, एवढं कळतं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, हाताची बोटं पांढरी पडलेली. ही आज उभी राहणार नव्हती. आणि एवढंसं पोर, घरापासून इतकं लांब. मला माझीच लाज वाटली. मी ग्लास बाकावर ठेवला आणि कोचला खुणेनं सांगितलं, थोडं थोडं पाज. त्यानं वास घेऊन बघितला आणि मग मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पुढच्या फेरीची मॅच झाली. नात हरली. समोरची दणकट होती, एकोणीस वर्षांची, बॉल असा मारायची की जाळीला भोक पडेल. पण मी ती मॅच पुरी बघितली आणि एकदाही बोललो नाही. फोनातलं रेकॉर्ड खोटं नव्हतं, पण त्यात एक गोष्ट लिहिलेली नसते, जी मला तिथं दिसली. पॉइंट गेला की आमची नात रॅकेटच्या तारा बोटानं सरळ करायची, एकेक, सावकाश, आणि मग वर बघायची. भाकरी करपली की तिची आजी तव्याकडं अशीच बघायची आणि दुसरा गोळा घ्यायची.

शेवटचा पॉइंट गेला. तिनं समोरचीशी हात मिळवला, पंचाशी मिळवला, आणि पिशवी खांद्यावर टाकून आमच्याकडं आली. चांगल्या खांद्यावर. म्हणाली, "सॉरी आबा."

मी म्हणालो, "घरी चल."

येताना गाडीत, नगर आल्यावर, सुनेचा फोन आला. तिनं पान उघडून बघितलं होतं. वॉकओव्हर काही चढला नव्हता. नव्याण्णव, आणि आता ते कायमचं नव्याण्णव. सून म्हणाली, "मामा, पण मी कोठीवर टिकली लावलीय हां. तुम्ही ओरडला तरी चालंल." कोठीवर एकशे दोन झाल्या होत्या.

रविवारी सकाळी मी आंघोळ केली आणि स्वतःच सलूनवाल्याच्या दुकानात गेलो. तो एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. म्हणालो, "पेटी घे, देवळात चल." त्यानं त्या गिऱ्हाइकाला अर्ध्या फेसासकट बसवून ठेवलं आणि निघाला. त्या माणसानंही तक्रार केली नाही. तोंडाला फेस तसाच ठेवून तो आमच्या मागं देवळात बघायला आला.

पारावर पैलवान बसला होता. म्हणाला, "काय रं, जिंकली का?"

"न्हाई. जोड आलाच न्हाई. पुढची हरली."

"मंग एक कमीच हाय की. निकाल तुझ्याच बाजूनं दिलाय मी."

"तुमचा निकाल बरोबर हाय, पैलवान. पण मोजायचं काम तिचं हुतं. नवस तिचा, टिकल्या तिच्या. मी मधी पडायला नको हुतं."

पैलवानानं मोडका कान चोळला. मग म्हणाला, "तसं बघितलं तर लोकांना मी साठ कुस्त्या सांगतो. माझी म्हातारी सत्तर सांगायची."

भैरोबाच्या पायरीवर बसलो. नात शेजारी उभी, सून उभी, मुलगा कारखान्यातून तसाच आलेला. गुरवानं चेष्टा करायला तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून मिटलं. पाच मिनिटांचं काम. वरच्या ओठाला वारा लागला तेव्हा मी दचकलो, इतक्या वर्षांत तिथं वारा लागला नव्हता. गुरवानं मिशा पानावर घेतल्या आणि देवापुढं ठेवल्या. पानावर ठेवल्यावर त्या फार काही दिसत नव्हत्या. नातीनं माझा फोटो काढला, बघितला आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटली. मी म्हणालो, "हस. पण कुणाला पाठवू नको." तोवर तिनं पाठवला होता.

पुढच्या बाजाराला मी घोडेगावला गेलो. दलाली सोडली तरी बाजार सुटत नाही. चाळीस वर्षांच्या ओळखीची माणसं माझ्या अंगावरून पुढं जात होती. ज्यानं ओळखलं तो थांबायचा, तोंड पाडायचा आणि विचारायचा, "कोण गेलं?" आमच्याकडं मिशा एकदम उतरलेल्या दिसल्या की दुसरं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही. पहिल्याला मी नवसाची सगळी गोष्ट सांगितली. दुसऱ्याला निम्मी सांगितली. तिसऱ्याला टेनिस म्हणजे काय इथपासून सुरू करावं लागलं, आणि तो मध्येच उठून म्हशीमागं पळाला.

दुपारी चहाच्या टपरीवर बसलो होतो. शेजारी पारनेरकडचा एक म्हातारा येऊन टेकला. माझ्याच वयाचा, ओळखीचा नाही. माझ्या ओठाकडं बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाला, "कोण गेलं, बाबा?"

सगळं परत सांगायचा कंटाळा आला होता. मी म्हणालो, "बायको."

"बायकोला आपल्यात मिशा काढत न्हाईत. पोरं काढत्यात."

"मी काढल्या."

त्यानं दोन चहा सांगितले. मग माझा हात हातात घेऊन बसला, मौतीला गेल्यावर बसतात तसा. ती गेली तेव्हा तेरा दिवस माणसं अशीच येऊन बसत होती, आणि मी प्रत्येकाला त्याच्या बैलांचं विचारत होतो. कुणाला हात लावू दिला नव्हता. या माणसाला मी विचारलं नाही, तुझी बैलं कशी आहेत. त्यानं विचारलं, काय झालं होतं, तर दवाखान्यातलं सांगितलं. किती वर्षं संसार, तर बावन्न सांगितली. स्वैपाक कसा करायची, तेही विचारलं त्यानं. तिखट, म्हणालो. मग गमज्यानं तोंड पुसत राहिलो. टपरीवाल्यानं दुसरीकडं बघितलं.

जरा वेळानं तो म्हणाला, "कधी गेली?"

दीड वर्ष झालं होतं. पण तोंडातून निघालं, "परवा रविवारी."

त्यानं माझा हात सोडला आणि रागानं बघितलं. "अहो, मातीला आठ दिस न्हाई झालं अन् तुमी बाजार हिंडताय? उठा. घरी जावा आधी."

मी चहा संपवला, त्याला रामराम केला आणि दोनच्या एसटीनं घरी आलो.